डाव्या कानातलं नाव

पेढे आदल्या दिवशीच आले होते. गावभागातल्या जुन्या हलवायाकडचे, केशर घातलेले, चांगले तीन किलो. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी हा सांगलीच्या कोठावळ्यांचा शिरस्ता, आणि बाळ जन्मायच्या आधीच मिठाई सांगून ठेवायचं धाडस त्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं. सुमतीबाईंनी ते केलं, कारण या खेपेला शंकेला जागाच नव्हती. त्यांच्या मुलाचा, विराजचा, क्लोन जन्माला यायचा होता. विराजच्याच पेशीपासून वाढवलेलं बाळ म्हणजे नाक विराजचं, कपाळ विराजचं आणि बाकीचंही सगळं विराजचंच असणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता?

मग प्रसूतिगृहाचं दार ढकलून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी झाली. दोघी छान आहेत."

बाकावर बसलेल्या शर्वरीला वाटलं, नेहमीसारखं आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. विराजची ही थोरली बहीण डाव्या कानानं जन्मापासून ठार बहिरी होती. कुठंही गेली तरी चार माणसं आपल्या उजवीकडे राहतील अशी जागा ती पकडायची. आज घाईत उलटी बसली होती. पण वळून पाहिलं तर आईच्या हातातला डबा तिरका झाला होता आणि विराज नर्सला विचारत होता, आमचंच बाळ ना, नक्की?

बाळ त्यांचंच होतं. ऋतुजानं, विराजच्या बायकोनं, नऊ महिने पोटात वाढवलेलं, तिच्याच डोळ्यांसमोर बाहेर आलेलं. इथं अदलाबदल व्हायला दुसरं बाळच नव्हतं, कारण मिरजेजवळच्या या जीवसंधान केंद्रात वर्षाला जेमतेम पाच-सहा बाळंतपणं व्हायची. प्रतिजनन कायदा होऊन चार वर्षं झाली होती आणि ज्या जोडप्यांना दुसरा कुठलाच मार्ग उरलेला नाही त्यांनाच तो क्लोनची परवानगी देत होता. पेढ्यांचा डबा सुमतीबाईंनी पिशवीत घातला आणि पिशवी बाकाखाली सरकवली.

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या प्रमुख डॉ. यास्मिन बागवान यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. साठीला आलेल्या बाई, आवाज कधी चढत नसे. त्यांनी खुर्च्या मांडताना शर्वरीला आपण होऊन डाव्या टोकाची खुर्ची दिली, म्हणजे सगळे तिच्या उजवीकडे आले. एवढ्या गडबडीतही या बाईच्या हे ध्यानात राहिलं याचं शर्वरीला बरं वाटलं. मग बाई सांगू लागल्या.

क्लोन करायचा म्हणजे काय, तर स्त्रीबीज घ्यायचं आणि त्याचं केंद्रक अलगद काढून टाकायचं. केंद्रकात सगळा आराखडा असतो, उंचीपासून बोटांच्या ठेवणीपर्यंत. त्या रिकाम्या जागी मूळ व्यक्तीच्या शरीरातल्या एखाद्या पेशीचं केंद्रक बसवायचं आणि त्याला फसवायचं, की तू आत्ताच जन्माला आलायस, लाग कामाला. ते लागतं. एवढ्याशा त्या गोष्टीला आपण चाळीस वर्षांच्या माणसाचा तुकडा आहोत याचा विसर पडतो आणि ते पहिल्यापासून माणूस घडवायला घेतं. बीज ऋतुजाचं होतं. पेशी विराजच्या रक्तातली, कारण रक्त काढणं सोपं. गर्भाशयात सोडण्याआधी गर्भ आणि विराजचं रक्त ताडून पाहिलं होतं, आणि एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

विराजनं विचारलं, मग तेव्हाच मुलगी असल्याचं कसं दिसलं नाही? बाई म्हणाल्या, गर्भाचं लिंग पाहणं या देशात गुन्हा आहे. त्यामुळे तपासणीच्या अहवालातल्या लिंग सांगणाऱ्या दोन ओळी संगणक काळ्या करूनच देतो, प्रयोगशाळेतल्या माणसांनासुद्धा. "डोळ्यांवर पट्टी बांधून काम करतो आम्ही. आणि पट्टी योग्यच आहे, किती मुली तिनं वाचवल्या. पण तिच्याआड हे घडलं."

आता त्यांनी जन्मलेल्या बाळाची पुन्हा तपासणी केली होती. बाळ विराजच्या रक्ताशी तंतोतंत जुळत होतं. मात्र विराजचं रक्तच बाईचं निघालं होतं. मग त्याच्या दंडावरच्या कातडीचा कण तपासला, तर कातडी पुरुषाची, आणि रक्ताहून अगदी वेगळी. एका माणसाच्या अंगात दोन माणसं नांदत होती.

"विराज, लहानपणी तुम्हाला काय झालं होतं?"

"कावीळ," विराज म्हणाला. "पाच वर्षांचा असताना. अर्जात लिहिलंय मी."

सुमतीबाई पदराशी चाळा करत होत्या. पदर सोडून त्या हळूच म्हणाल्या, "कावीळ नव्हती ती."

रक्ताचा कॅन्सर होता. पुण्याला सात महिने काढले होते. पोरगा बरा होऊन घरी आला तेव्हा नवरा-बायकोनं ठरवलं, की हे नाव पुन्हा घरात काढायचं नाही, कारण कॅन्सर झालेल्या मुलाला उद्या मुलगी कोण देणार? म्हणून कावीळ. नातेवाइकांना कावीळ सांगितली, शाळेत कावीळ सांगितली, पुढं स्थळं आली त्यांना कावीळ सांगितली, आणि बत्तीस वर्षं घोकून घोकून ती इतकी खरी झाली की विराजलाही तीच आठवत होती. त्याला आठवत होत्या फक्त सुया, आणि शेजारच्या खाटेवर पालथी झोपलेली ताई. ताईनं रक्त दिलं, असं आई सांगायची.

"रक्त नाही," शर्वरी म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला सगळं आठवत होतं. तिला गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणून ती गप्प राहिली होती. "कमरेच्या हाडातून काढलं होतं. मगज."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. विराजच्या हाडांतला रक्त तयार करणारा कारखाना तेव्हा औषधांनी पार बंद पाडला होता, त्या म्हणाल्या, आणि त्या जागी ताईंची मज्जा घातली. ती रुजली. तेव्हापासून त्याच्या अंगात जो थेंब तयार होतो तो ताईंच्या पेशींचा. तो कारखाना बहिणीचा आणि इमारत भावाची. केंद्रानं पेशी घेतली ती नेमकी कारखान्यातली.

ऋतुजा बाळाला घेऊन बसली होती. नवऱ्याचा कॅन्सर आणि लेकीचा उगम या दोन्ही गोष्टी तिला एकाच बैठकीत कळल्या होत्या. तिनं सासूकडे पाहिलंही नाही. तिनं दुपटं बाळाभोवती आणखी घट्ट ओढलं आणि शर्वरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग सगळेच बघायला लागले.

शर्वरी उठून जवळ गेली. दुपट्याच्या कडेतून चेहरा दिसत होता, लालसर, रुसलेला. कपाळावर उजव्या बाजूला केसांचा भोवरा होता. तिच्या स्वतःच्या कपाळावर तोच भोवरा होता, ज्यामुळे तिचा भांग जन्मात कधी सरळ पडला नव्हता. बाळानं मूठ उघडली. करंगळी आतल्या बाजूला जराशी वाकडी होती, आणि शर्वरीनं आपली करंगळी शेजारी नेऊन धरली. तिच्या अंगावर काटा आला. तिला भीती वाटली नाही. एवढंसं काहीतरी, तिच्या नवव्या वर्षी तिच्या कमरेतून निघालेलं, भावाच्या अंगात बत्तीस वर्षं गुपचूप फिरत राहिलं होतं, त्याच्या प्रत्येक तापात, प्रत्येक जखमेत, आणि आता वहिनीच्या मांडीवर जांभई देत होतं. असलं काही घडू शकतं अशा जगात आपण जगतोय, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

खरं तर घरात या सगळ्याला विरोध केला होता तो एकट्या शर्वरीनं. अर्ज भरला त्या दिवशी ती विराजला म्हणाली होती, की दुसऱ्या कुठल्याही बाळाला आपण विचारतो, तू कोण होणार? या बाळाला कुणी ते विचारणार नाही. ते यायच्या आधीच त्याचं माप ठरलेलं असेल, आणि जन्मभर लोक त्याला त्या मापाशी ताडून बघतील. विराज चिडला होता. तुझं खातंच मापांचं म्हणून तुला सगळीकडे मापंच दिसतात, असं म्हणून त्यानं चार महिने अबोला धरला होता.

शर्वरी वैधमापन खात्यात निरीक्षक होती. दुकानदारांची वजनं आणि काटे तपासून त्यांवर मोहोर उठवायची, हे तिचं काम. ती ज्या पितळी वजनांशी दुकानातली वजनं ताडायची ती मखमलीच्या पेटीत असत, आणि तीसुद्धा ठरल्या मुदतीनं मोठ्या प्रयोगशाळेतल्या वजनांशी ताडून आणावी लागत. बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं; बोटाच्या तेलकटपणानंही वजन बदलतं. वीस वर्षांत तिनं कुठलीही दोन वजनं शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी पाहिली नव्हती. हे ती नव्या निरीक्षकांना हसत हसत सांगायची. आपल्याच बाबतीत मात्र ती ते साफ विसरली.

पाचव्या दिवशी सरकारी पत्र आलं. प्रतिजनन कायद्यात एक कलम होतं: मूळ व्यक्तीच्या संमतीवाचून क्लोन जन्मला, तर त्या बाळावर पहिला हक्क मूळ व्यक्तीचा. नट-नट्यांच्या केसांवरून कुणी चोरून बाळं काढू नयेत म्हणून घातलेलं कलम. बहिणीच्या मगजाचा विचार तेव्हा कुणाच्या बापाला सुचला नव्हता. सोबत अर्ज होता. नाव, पत्ता आणि शेवटी एक रकाना, बाळाशी नाते. तिथं 'माता' लिहिलं तर बाळ तिचं. एकवीस दिवसांच्या आत.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरू लागले. क्लोनिंगवर बंदी घाला म्हणणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं होतं. दुसऱ्यांचं म्हणणं, ज्यांना मूल होऊच शकत नाही त्यांच्या आशेवर एका चुकीपायी पाणी ओतू नका. विराज आता बाळाचा बाप की भाऊ, यावर विद्वान मंडळी टीव्हीवर हमरीतुमरीवर आली. एकदा दुपारी शर्वरीच्या कचेरीत एक बाई आली, बार्शीची. तिचा अर्ज केंद्राच्या यादीत अकरावा होता. ती भांडायला आली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, की तुम्ही बाळाला पाहिलंत ना, कसं आहे ते? शर्वरीनं सांगितलं, खूप गोड आहे. बाईचे डोळे भरून आले आणि ती बार्शीची गाडी गाठायला निघून गेली.

शर्वरीनं लग्न केलं नव्हतं आणि मूल नसल्याचं तिला कधी दुःखही नव्हतं. पण आता तिला दुसरंच काही छळत होतं. सात वर्षांची होईपर्यंत तिचा कान कुणाला कळला नव्हता, अगदी तिलाही नाही. सगळ्यांना एकाच बाजूनं ऐकू येतं अशी तिची समजूत होती. वर्गात बाई डावीकडून हाक मारायच्या आणि ही ढिम्म. घुमी म्हणायचे तिला. उर्मट म्हणून दोनदा पट्टीचा मार खाल्ला होता. आंधळी कोशिंबीर खेळताना हाक कुठून आली ते तिला उमजायचं नाही आणि पोरी हसायच्या. पुढं कान कळला, पण तोवर पोर गप्प राहायला शिकून गेली होती. तेच सगळं या एवढ्याशा जिवाच्या वाट्याला येणार असेल, तर ते ओळखणारं माणूस जगात एकच होतं.

तिनं डॉक्टरबाईंना गाठून विचारलं, की बाळाचा डावा कान कसा आहे? बाई म्हणाल्या, चौकशी लागल्यापासून सगळ्या तपासण्या सरकारनं ताब्यात घेतल्यात, श्रवणाची तपासणी आता महिन्यानंतरच होईल. आणि आधी काही सांगताही येत नाही. "तुमचा कान आराखड्यातच तसा असेल, तर तिचाही असेल. पण तुम्ही पोटात असताना आईंना एखादा ताप येऊन ती शीर सुकली असेल, तर तो फक्त तुमच्या नशिबाचा भाग. जुळ्या बहिणींचेसुद्धा बोटांचे ठसे वेगळे असतात, ताई. शिवाय त्या बीजात ऋतुजाचाही थोडा अंश आहेच. पेशीला ताकद पुरवणारे कण तिचे आहेत."

शर्वरीनं ते एका कानानं ऐकलं. ऐकायला तोच होता, पण या वेळी तोही नीट उघडा नव्हता. तिचं मन ठरलं होतं. अर्जावर तिनं पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, 'माता' लिहिलं. आपलं बालपण आपल्याला पुन्हा मिळालं आहे, आणि या वेळी ते कुणी बिघडवणार नाही. असा विचार आला की तिला रडू फुटायचं.

बाराव्या दिवशी बारसं. ते कुणी रद्द केलं नव्हतं. उलट सुमतीबाईंनी हट्टानं शेजारच्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं, आणि या वेळी बर्फी होती. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, हा तर रिवाजच. कोठावळ्यांकडे आत्या एकच. शर्वरी आली तेव्हा अर्ज तिच्या पर्समध्ये होता आणि विराजला ते ठाऊक असावं, कारण त्यानं तिच्या पर्सकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

ऋतुजानं तिला स्वयंपाकघरात नेलं, आठवणीनं तिच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी भांडणार नाही. कायदा तुमच्या बाजूचा आहे, आणि ती आहेही तुमची. मला फक्त आधी सांगा. बारसं झाल्यावर नको, आधी सांगा."

शर्वरीनं विचारलं, तू नाव काय ठरवलं होतंस? ऋतुजा म्हणाली, मुलाची नावं विराजनं काढली होती. मग थोडं थांबून म्हणाली, की लग्न झालं तेव्हा तिच्या मनात एक नाव होतं, मुलीचं. इरा. पुढं मूलच होईना, आणि क्लोनचं ठरलं तेव्हा तर मुलीचा प्रश्नच मिटला, म्हणून ते कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेरून बायका हाका मारू लागल्या.

पाळण्याखालून-वरून बाळाची देवघेव झाली, गाणी झाली, आणि शर्वरीच्या पाठीमागे बायका मुठी वळून उभ्या राहिल्या. नाव सांगितलं रे सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, त्यात कुणाला माफी नाही. शर्वरी पाळण्यावर वाकली. बाळ जागं होतं आणि स्वतःची मूठ चोखत होतं. भोवरा तसाच, करंगळी तशीच.

नाव उजव्या कानात सांगायचं, तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. डावीकडे सांगून काय उपयोग? पण वाकल्यावर तिला राहवलं नाही. बाळाचा उजवा कान तिनं आपल्या तळव्यानं झाकला, चांगला घट्ट. मग स्वतःच्या सबंध आयुष्यात ज्या बाजूनं एक शब्द आत आला नव्हता त्या बाजूला तोंड नेलं आणि अगदी हलक्या आवाजात, श्वासाचा वारा लागणार नाही इतकं अंतर ठेवून म्हणाली, "इरा."

मूठ चोखणं थांबलं.

शर्वरीनं श्वास रोखला. योगायोग असेल, असं म्हणून ती पुन्हा म्हणाली, "इरा. कुर्रर्र." बाळाचे डोळे आधी वर गेले, मग सावकाश, जड वस्तू सरकवावी तसे, डावीकडे वळले. भुवया उंचावल्या. कुठून आलं हे, असा विचार त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आणि ते कुठून आलं हे त्याला कळलं होतं.

ऐकू येतंय. हिला डावीकडून ऐकू येतंय.

आंधळी कोशिंबीर ही खेळू शकेल, एवढंच शर्वरीच्या मनात आलं. घुमी म्हणून हिला कुणी मारणार नाही. इतके दिवस तिनं जिच्यासाठी आसवं गाळली, जिच्यासाठी अर्ज भरला, ती पाळण्यात नव्हतीच. ती सात वर्षांची शर्वरी होती, आणि ती केव्हाच मोठी होऊन आता या पाळण्यावर वाकून उभी होती. आत पहुडली होती ती दुसरीच कुणी, कधीच नव्हती अशी, आणि तिला तिच्या आईनं मनात जपलेलं नाव नुकतंच ऐकू आलं होतं. विराजला आपण काय बजावलं होतं ते शर्वरीला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा कितीतरी मोठा आनंद झाला, इतका की पाठीत धपाटे पडायला लागले ते तिला कळलेच नाहीत.

"अगं, नाव काय ठेवलंस ते तरी सांग," सुमतीबाई म्हणाल्या.

शर्वरीनं मान वर केली. ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती.

"तिच्या आईनं ठेवलंय," शर्वरी म्हणाली. "इरा."

ऋतुजा मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. विराज तिच्याजवळ गेला. बायकांना काही कळलं नाही, पण बाळंतिणीचं मन हळवं असतं म्हणून त्यांनी बर्फीची ताटं फिरवायला घेतली.

पाहुणे गेल्यावर शर्वरीनं विराजकडून खोडरबर मागून घेतलं. पर्समधला अर्ज पाळण्याशेजारच्या स्टुलावर पसरला, पेन्सिलीचं अक्षर पुसलं आणि कागदावरचा चुरा फुंकरून टाकला. मग पेन काढून शेवटच्या रकान्यात शाईनं, ठळक अक्षरात लिहिलं: आत्या. बाळ पाळण्यात तिच्या डाव्या बाजूला होतं. ते रडायला लागलेलं तिला ऐकूच आलं नाही. ऋतुजानं हाक मारली, "अहो आत्या, इरा बोलावतेय." तेव्हा तिनं खुर्ची उचलून पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला नेली.